वन्संनी निवडलेलं लिनक्स

आमच्या वन्सं रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. आवाज उतरला रे उतरला की माझे हे, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, पिशवी घेऊन काहीतरी आणायला बाहेर पडतात आणि तावडीत सापडते ती मी. लग्न ठरलं तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की नणंदेला दिसत नाही, तिला सांभाळून घ्यावं लागेल. कोणी कोणाला सांभाळलं यावर आम्हा दोघींचं अजून एकमत झालेलं नाही, आणि वाद घालायची वेळ आलीच तर हरणार मीच, हेही मला पक्कं माहीत आहे.

वन्संना जन्मापासून दिसत नाही. पालिकेच्या कचेरीत, टंकलेखन विभागात त्या नोकरी करतात. बैठका, चौकशा, तक्रारींच्या सुनावण्या, जे काही तिथे बोललं जातं त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ते ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचा, हे त्यांचं काम. एका कानात रेकॉर्डिंग, दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा आवाज. हा आवाज त्या इतका भरभर लावतात की मला त्यातलं अक्षर कळत नाही, डब्यात वाटाणे हलवल्यासारखं वाटतं. त्यांना सगळं कळतं. इतकंच नाही, पहिल्या दोन शब्दांवरून वाक्य कुठे चाललंय ते ओळखून त्या बटण दाबतात आणि त्याला मध्येच गप्प करतात. माणसांचंही त्या तसंच करतात. ह्यांचं एकही वाक्य त्यांच्यासमोर पूर्ण झालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मी कपडे शिवते. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मधल्या खोलीत वन्संचा कॉम्प्युटर, मध्ये एक दार, आणि ते सहसा उघडंच. त्यामुळे लिनक्सचं जे रामायण झालं ते मी पहिल्यापासून ऐकलं. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही, पण विकणारा काय बोलतो आणि काय गिळतो ते मला कळतं. माझा निम्मा जन्म दुकानदारांशी कापडावरून भांडण्यात गेला आहे.

झालं असं की कचेरीतली यंत्रं ज्या प्रणालीवर चालत होती तिची देखभाल ती बनवणाऱ्यांनी थांबवली. नवीन आवृत्ती त्या जुन्या यंत्रांना पेलणारी नव्हती, म्हणून वरून ठरलं की सगळीकडे लिनक्स घालायचं. आता लिनक्स म्हणजे एकच वस्तू नव्हे. वन्संनी मला समजावलं ते असं: ताग्यातलं कापड एकच, पण शिवणारे शंभर. कोणी त्याचा सदरा करतो, कोणी झगा, कोणी झालर लावतो, कोणी खिसेच ठेवत नाही. या शिवून तयार झालेल्या प्रत्येक नगाला डिस्ट्रो म्हणतात, आणि त्यातला आपल्याला बसणारा कुठला ते आपण बघायचं. एवढं मला एका दमात कळलं.

विभागाच्या प्रमुख एक बाई आहेत, वन्सं त्यांना मॅडम म्हणतात. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी वन्संना आत बोलावलं, बसायला खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या की नव्या यंत्रांवर तुम्हाला फार त्रास होईल, तेव्हा तुम्हाला आपण चौकशीच्या खिडकीवर घेऊ. फोन घ्यायचा, आलेल्या माणसाला कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं. पुरवठादार महिन्याच्या शेवटी यंत्र दाखवायला येणार आहे, त्यावर तुम्हाला एकटीला काम करता आलं तर प्रश्नच मिटला, पण उगाच आशा धरू नका. हे सगळं त्या इतक्या मायेने बोलल्या की वन्संना तिथे उलटून काही बोलताच आलं नाही.

घरी आल्या त्या चपला न काढता माझ्या खोलीत उभ्या राहिल्या. आवाज असा खाली की मला मशीन थांबवावं लागलं.

"पगार तोच देणार आहेत," त्या म्हणाल्या. "मला खिडकीत शोभेची बाहुली करून बसवणार, आणि पगार तोच."

मी म्हटलं, वन्सं, नाही म्हणून सांगा. त्या म्हणाल्या, नाही म्हणून भागत नाही, चालणारं यंत्र पुढे ठेवावं लागतं. पुरवठादार काय आणतो याची वाट बघत बसणारी मी नाही, डिस्ट्रो मीच शोधणार. हे तोपर्यंत पिशवी घेऊन निघून गेले होते.

परत आल्यावर मात्र ह्यांनी ताईला मदत करायचं मनावर घेतलं. त्यांची मदत म्हणजे अशी की फोनवर एकेक चित्र बघायचं आणि वर्णन करायचं. हे बघ ताई, याच्यावर डोंगर आहे, संध्याकाळचा रंग, काय झकास. याची खालची पट्टी काचेसारखी आहे, मागचं सगळं दिसतं. वन्संनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग विचारलं की त्या डोंगरावर चढून मला टाइप करता येणार आहे का. त्यावर ह्यांनी एक यादी काढली, त्यात डिस्ट्रोंना लोकप्रियतेचे क्रमांक दिले होते. पहिला नंबर ज्याचा तोच घे, एवढे लोक काय वेडे आहेत, असं त्यांचं म्हणणं. वन्संनी त्या यादीच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं आपल्या आवाजाकडून वाचून घेतली. ते क्रमांक डिस्ट्रो वापरणाऱ्यांच्या संख्येवरून नव्हते, त्या नावाचं पान किती जणांनी उघडून बघितलं त्यावरून होते. म्हणजे दुकानासमोरून किती माणसं गेली ते मोजायचं आणि म्हणायचं की एवढी गिऱ्हाइकं. हे मला लगेच कळलं, ह्यांना जरा वेळ लागला.

त्यानंतर वन्संनी परीक्षणं ऐकायला सुरुवात केली. मीही शिवता शिवता ऐकायची. देखणं, डोळ्यांत भरणारं, नजर हटत नाही, एकदा बघाच. कोणी म्हणे हलकं. कशापेक्षा हलकं ते नाही. कोणी म्हणे नवशिक्यांसाठी. नवशिका म्हणजे ज्याला सगळं दिसतं आणि काही येत नाही असा. वन्संना येतं सगळं आणि दिसत नाही काही, आणि असा माणूस त्यांच्या हिशेबातच नव्हता.

"घर बघायला निघालेय," त्या एकदा म्हणाल्या, "आणि जो तो मला दाराचा रंग सांगतोय. कडी कुठे आहे ते कोणी सांगत नाही."

खरी गंमत तर सुलभतेच्या पानांची. प्रत्येक डिस्ट्रोचं असं एक पान असायचंच. आम्ही सर्वांसाठी आहोत, आम्ही कोणालाही मागे ठेवत नाही, असं वर मोठ्या अक्षरांत. वन्संचा आवाज ते वाचायचा आणि पुढे म्हणायचा: चित्र. चित्र. बटण. चित्र. चित्रात काय आहे ते लिहायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मी जाऊन बघितलं तर हसरी माणसं होती, एक काठीवाली बाई होती, काळा चष्मा लावलेली. ज्या पानावर तिचा फोटो छापला ते पान तिला वाचता येणार नव्हतं. मला अशी चीड आली की हातातला बाहीचा तुकडा उलटा जोडला गेला आणि पुन्हा उसवावा लागला. आमच्या धंद्यातही ही थाप आहे. एकच माप, सर्वांना बसेल असं लिहिलेले कपडे येतात. ते कोणाच्या खांद्यात बसत नाहीत आणि कोणाच्या पोटात.

एवढं सगळं पारखणाऱ्या वन्सं, आणि त्याच फसल्या. कशाला फसल्या ते सांगते.

एक डिस्ट्रो सापडलं, खास दृष्टिहीनांसाठीच बनवलेलं. त्याच्या पानावर एकही चित्र नव्हतं. तुमच्यासाठी, तुमच्यातल्याच माणसांनी बनवलेलं, आता कोणाला विचारायची गरज नाही, असं लिहिलं होतं. वन्संनी ते पुन्हा लावून ऐकलं. मग कचेरीतून आणलेला पेनड्राइव्ह घेतला आणि त्यावर ते डिस्ट्रो उतरवून घेतलं. पेनड्राइव्हवर आधी त्यांची एक फाईल होती, ती त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर ठेवून दिली होती. ही फाईल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यात आखूड शब्द होते, त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं बसवलेले. दोन अक्षरं टाइप करायची की अख्खं पालिकेचं नाव उमटतं, तीन अक्षरांत "अध्यक्षांनी सभासदांचे आभार मानले". त्या फाईलीच्या जोरावर त्या विभागात सगळ्यांच्या पुढे होत्या. कचेरीतलं त्यांचं जुनं यंत्र बदलासाठी उचलून नेलं होतं, म्हणून त्यांनी ती घरी आणली होती.

घरच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, यंत्र सुरू झालं आणि पहिल्या क्षणापासून बोलायला लागलं. कोणी काही दाबायच्या आधी. मी दारातून बघत होते. वन्संचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आवाज एकेक प्रश्न विचारत गेला आणि त्या भराभर उत्तरं देत गेल्या, सवयीप्रमाणे त्याचं वाक्य अर्ध्यात तोडत. भाषा कुठली, हो. वेळ कुठली, हो. मग तो म्हणाला, "पुढे जाण्यासाठी या यंत्रावरील", आणि वन्संनी त्याला गप्प करून एंटर दाबलं. वाक्याचा उरलेला भाग "सर्व माहिती पुसली जाईल" असं होतं. ते आम्हाला नंतर कळलं.

फाईल गेली. पेनड्राइव्हवर नवीन डिस्ट्रो लिहिलं गेलं होतं, तिथली आधीच गेली होती. आणि ज्या डिस्ट्रोसाठी ती गेली, त्याकडे बनवणाऱ्यांनी कित्येक वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद, आजचे कार्यक्रम त्यावर चढेनात, मदतीच्या पत्त्यावर लिहिलेलं परत येई. यंत्र चालू झालं की ते न चुकता गोड आवाजात "स्वागत आहे मित्रा" म्हणे, आणि ते बंद करायची सोय नव्हती.

वन्सं दिवसभर जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "झगमगाटाला मी भुलत नाही म्हणून मिरवत होते. इथे कोणीतरी गोड बोललं, आणि मी विरघळले. तो डोंगर आणि हे, दोन्ही एकच. त्याला डोळे लागतात, याला दुखरी जागा लागते."

मला वाटलं आता या खिडकीवर जायला तयार होतील. मी तसं सुचवलंसुद्धा, की वन्सं, राहू दे, जिवाला किती त्रास करून घेणार. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, माझी तीन अक्षरं गेली तर मी पूर्ण वाक्य टाइप करीन, पण खिडकीत बसून कोणाला जिना दाखवणार नाही. मग मी ताट उचलून घेतलं.

पुढचे काही दिवस त्यांनी जाहिरात एकही ऐकली नाही. लिनक्स वापरणाऱ्यांच्या चर्चेच्या जागा असतात, तिथे सगळीकडे त्यांनी फोनवरून एकच प्रश्न टाकला: पडद्याची वायर काढून, कोणाचीही मदत न घेता, हे यंत्रावर चढवून रोज वापरणारं तुमच्यात कोण आहे? ज्याने स्वतः केलंय त्यानेच बोलावं. उत्तरं पुष्कळ आली. एकाने विचारलं, वायर कशाला काढायची. एकाच्या चुलतभावाच्या मित्राला जमलं होतं. एकाने लिहिलं की पुढच्या आवृत्तीत ती सोय येणार आहे, आणि दुसऱ्याने दाखवून दिलं की हेच त्याने मागच्या आवृत्तीच्या वेळीही लिहिलं होतं. कामाचं उत्तर एकच आलं, एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईचं. त्यांनाही दिसत नव्हतं. एका जुन्या, साध्या डिस्ट्रोचं नाव देऊन त्यांनी लिहिलं होतं: "सुरुवातीला बीप वाजतो. एस दाबा, एंटर दाबा, बोलायला लागेल. शेवटपर्यंत बोलतं, पासवर्ड मागतानाही. आवाज रुक्ष आहे. सुंदर वगैरे म्हणतात तसं काही नाही. मी रोज वापरते. दुरुस्त्या वेळेवर येतात."

वन्संनी ते तीनदा वाचून घेतलं. सुंदर वगैरे नाही, हे वाक्य त्यांना फार आवडलं. जो वस्तूतलं उणं आधी सांगतो त्याच्याशी बोलता येतं, असं त्या म्हणाल्या, आणि मला पडद्याची वायर काढून न्यायला सांगितली. दार लावून घेतलं. आतून बीप ऐकू आला, मग तो रुक्ष आवाज, एकसुरी, कसलीही माया नसलेला. मी शिवत होते खरी, पण माझं सगळं लक्ष त्या आवाजाकडे. या वेळी तो मध्येच तुटला नाही. एकेक वाक्य संपेपर्यंत वन्सं थांबत होत्या, ह्यांना हेवा वाटावा असं. दार उघडलं तेव्हा त्या मान ताठ करून चहा ठेवायला गेल्या. ती वायर मी त्यांना परत दिलीच नाही, त्यांनी मागितलीही नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वन्सं मला म्हणाल्या, तू चल. एरवी त्या बसने एकट्या जातात, मी सोबत आलेली त्यांना चालत नाही. मी विचारलं, कशाला. म्हणाल्या, "शब्द मला ऐकू येतील. तोंडं तू बघ आणि मला सांग."

कचेरीतल्या लांब खोलीत टेबलाभोवती सगळा विभाग बसला होता. टेबलाच्या मध्यावर रेकॉर्डर. पुरवठादार उंची सदऱ्यातला, हसरा, आणि यंत्र चालवायला त्याचा एक तंत्रज्ञ. भिंतीवर मोठा पडदा. पुरवठादाराने सुरुवातच "सर्वांसाठी" या शब्दाने केली, आणि मग तो शब्द त्याच्या तोंडून सुटेना. तंत्रज्ञाने डोंगर दाखवला, काचेची पट्टी दाखवली. मग मुद्दाम वन्संकडे बघत पुरवठादार म्हणाला की आता खास गोष्ट. तंत्रज्ञाने कोपऱ्यातल्या खुणेवर टिचकी मारली, यादी उघडली, त्यातून दुसरी यादी, त्यातलं एक बटण सरकवलं, आणि यंत्र गोड आवाजात बोलायला लागलं. खोलीत टाळ्या पडल्या. मॅडमचे डोळे भरून आलेले मी बघितले आणि वन्संच्या कानात तसं सांगितलं.

वन्सं उभ्या राहिल्या. "मॅडम, आता हे यंत्र बंद करा," त्या म्हणाल्या. आवाज खाली होता, म्हणून सगळे गप्प झाले. "पडद्याची वायर काढा. आणि यांनी ते पुन्हा सुरू करून बोलतं करून दाखवावं."

पुरवठादार हसला, म्हणाला हो हो, का नाही. वायर काढली. तंत्रज्ञाने यंत्र सुरू केलं. पंखा फिरल्याचा आवाज आला, आणि मग काही नाही. त्याने काही बटणं दाबली, थांबला, पुन्हा दाबली. पासवर्ड मागतंय की अजून सुरूच होतंय, हे त्याला कळेना, आम्हालाही कळेना. तो मनुष्य मात्र सरळ होता. त्याने हात उचलले आणि म्हणाला, "मला बघावं लागेल. बघितल्याशिवाय नाही सांगता येणार."

बटण होतं, नाही कोण म्हणतो. दिसत नाही त्याच्यासाठी केलेलं बटण, पण ज्याला दिसतं त्यालाच सापडणारं. पुरवठादार घाईघाईने म्हणाला की एवढं काही नाही, कोणीतरी एकदा पासवर्ड टाकून आत शिरून दिलं की पुढे सगळं बोलतं.

"रोज सकाळी कोण शिरून देणार?" वन्संनी विचारलं.

मी तोंडं बघत होते. सगळी टेबलाकडे बघत होती. मग मॅडम म्हणाल्या, "मी देईन. मी तशी लवकरच येते."

"तुम्ही रजेवर गेलात की मी पण रजेवर जायचं का?"

याला मॅडमकडे उत्तर नव्हतं. त्यांना लागलं ते माझ्या लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मायेने माणसाला कोपऱ्यात बसवता येतं, आणि बसवणाऱ्याला वाटत राहतं आपण भलं केलं. कोणीतरी ते तोंडावर बोलायला हवंच होतं.

मग वन्संनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. विभागातलं एक रिकामं यंत्र पुढे घेतलं, वायर काढलेलीच ठेवली. बीप वाजला. एस, एंटर. रुक्ष आवाज बोलू लागला आणि वन्संची बोटं चालू लागली. खोलीतल्या कोणालाच काही कळत नव्हतं. माणसं चुळबुळायला लागली. एकाने न राहवून वायर उचलली, जरा बघू तरी काय चाललंय म्हणून. वन्संनी चाहूल घेऊन यंत्रामागच्या भोकावर तळहात ठेवला.

"मला पडदा नको आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गरज असेल तर सोय करून मागा. बघू वरून काय म्हणतात."

काम पूर्ण झालं तसं यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, पासवर्ड मागताना बोललं, आत शिरल्यावरही बोललं. तेव्हा कुठे त्यांनी हात काढला. वायर लागली, पडदा उजळला. साधा करडा पडदा, डोंगर नाही, काही नाही. त्यांच्या विभागात एक वयस्क टायपिस्ट आहेत, टेबलावर सतत बोटं वाजवतात म्हणून त्यांना तबलजी म्हणतात. ते येऊन बसले, एक परिच्छेद टाइप केला आणि म्हणाले, चालतंय की, मला काही फरक कळत नाही.

पुरवठादार आता हसत नव्हता. म्हणाला, हे आमचं नाही, याची जबाबदारी आम्ही घेणार नाही. मॅडम म्हणाल्या की विभागात सगळ्या यंत्रांवर एकच प्रणाली हवी, एका माणसासाठी वेगळी ठेवता येत नाही.

"मग सगळ्यांना हीच द्या," वन्सं म्हणाल्या. दोघेतिघे हसले. "हसू नका. ही तुम्हालाही चालते, आत्ता बघितलंत. त्यांची मला चालत नाही, तेही बघितलंत. मग सर्वांसाठी कुठली?"

मॅडम म्हणाल्या, वर कळवते, आणि बैठक संपवली. वर कळवते म्हणजे काय ते नोकरी न करताही मला कळतं. परत येताना बसमध्ये मी चरफडत होते. वन्सं मात्र शांत होत्या. कोणाचं तोंड कसं झालं ते पुन्हा पुन्हा मला विचारून घेत होत्या.

पुढचं मला वन्संनी सांगितलं, आणि त्या स्वतःची बाजू थोडी फुगवतात, पण हे तबलजींनीही मला तसंच सांगितलं आहे. त्या कचेरीत कुठल्याही बैठकीचं रेकॉर्डिंग टंकलेखन विभागात येतं, आणि ज्याचं हातातलं काम आधी संपेल तो पुढचं उचलतो. प्रात्यक्षिकाचं रेकॉर्डिंग आलं तेव्हा ते उचललं वन्संनी. त्यांनी स्वतः चढवलेल्या, अजून कोणी उचलून न नेलेल्या त्या यंत्रावर, एकही आखूड शब्द हाताशी नसताना, पूर्ण वाक्यं टाइप केली. त्यांच्याकडे नियम असा की ऐकू आलं ते लिहायचं, आणि प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर तसंही लिहायचं. तेव्हा कागदावर ते असं उमटलं: रोज सकाळी कोण शिरून देणार? मी देईन. मी तशी लवकरच येते. तुम्ही रजेवर गेलात की मी पण रजेवर जायचं का? उत्तर नाही. मग सर्वांसाठी कुठली? वर कळवते.

मॅडमनी ते वाचून वन्संना बोलावलं आणि म्हणाल्या, एवढं सविस्तर कशाला, थोडक्यात लिहिलं असतंत तरी चाललं असतं. वन्सं म्हणाल्या की नियम मी केलेला नाही, आणि कोणाचं बोलणं थोडक्यात आणायचं हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. तुम्हाला असेल तर तुम्ही खोडा आणि खाली सही करा. मॅडमनी पेनचं टोपण काढल्याचं ऐकू आलं म्हणे. मग काही न खोडता त्यांनी सही केली आणि कागद वर गेला.

वरून उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात वन्संनी आखूड शब्द पुन्हा बसवायला घेतले, रोज थोडे थोडे. उत्तर आलं ते दोन ओळींचं. टंकलेखन विभागात जे यंत्र पडद्याशिवाय सुरू करून दाखवता येत नाही ते घेऊ नये. चौकशीच्या खिडकीवर दुसरी व्यवस्था करावी.

ते वाचून दाखवायला मॅडम स्वतः वन्संच्या टेबलाशी आल्या. वाचून झाल्यावर लगेच गेल्या नाहीत. शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या की सगळ्या यंत्रांवर हे चढवायचं आहे, तर आधी मला शिकवा. वन्संनी पेनड्राइव्ह लावून दिला. मॅडमनी सवयीने पडद्याच्या बटणाकडे हात नेला, तो वन्संनी मनगटाशी धरला.

"पण मग मला कळणार कसं?" मॅडमनी विचारलं.

"ते बोलेल," वन्सं म्हणाल्या. "आता तरी ऐका."